वाहक नॅनोकण मिसळलेल्या पॉलिमरची विद्युतवाहकता: नमुना घडवण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत

प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात इपॉक्सीच्या दोन पट्ट्या मी मुद्दाम जपून ठेवल्या आहेत. दोन्ही सारख्याच काळ्या आणि सारख्याच गुळगुळीत आहेत, आणि दोन्हींमध्ये एकाच बाटलीतल्या कार्बन नॅनोट्यूब वजनाने ०.२ टक्के घातलेल्या आहेत. पहिलीच्या दोन टोकांना साधा मल्टीमीटर लावला की तीसएक किलो-ओहम रोध दिसतो. दुसरीला लावला तर मापकाची कमाल मर्यादाही ओलांडली जाते, म्हणजे ती व्यवहारात विद्युतरोधकच आहे. फरक इतकाच की पहिलीचे मिश्रण साच्यात ओतण्यापूर्वी कोमट करून मंद गतीने ढवळत ठेवले होते आणि दुसरीचे मिश्रण सोनिकेटरखाली (ध्वनिकंपनांनी गुंते फोडणाऱ्या यंत्राखाली) तासन्‌तास फोडून काढले होते. नव्याने काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी या पट्ट्या हातात देतो आणि मगच तराजूपाशी जाऊ देतो, कारण या विषयातली मुख्य गोष्ट त्यांत सामावलेली आहे: अशा संमिश्राची वाहकता घातलेल्या भुकटीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती कणाकणांमधल्या फटींवर अवलंबून असते, आणि त्या फटी कशा पडतील हे आपल्या हाताखालची कृती ठरवते.

पदव्युत्तर प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि स्थिर विद्युत निचरून टाकणारे प्लास्टिकचे भाग बनवू पाहणारे लघुउद्योजक या दोघांना हाताशी धरून चालवता यावे, अशा रीतीने हा लेख लिहिला आहे. उदाहरण म्हणून बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब (एकात एक भिंती असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि इपॉक्सी ही जोडी घेतली आहे, कारण तिला महागडी यंत्रे लागत नाहीत आणि तिच्यावर भरपूर काम झालेले आहे. इतर पूरक (पॉलिमरमध्ये मिसळायचे वाहक कण) आणि इतर पॉलिमर जिथे वेगळे वागतात, तिथे तसे सांगितले आहे.

आत नेमके काय घडते

घट्ट झालेल्या इपॉक्सीची वाहकता इतकी कमी असते की सीमेन्स प्रति मीटर या एककात ती लिहिताना दशांश चिन्हानंतर बारा शून्ये देऊन मग १ लिहावा लागतो. तांब्याची वाहकता त्याच एककात सुमारे ६ कोटी आहे आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे ५. नॅनोट्यूब घातलेले इपॉक्सी साधारणपणे ०.०१ ते १०० या पट्ट्यात येते, म्हणजे धातूच्या जवळपासही नाही, पण मूळ पॉलिमरच्या अब्जावधी पट वर. ही झेप हळूहळू घडत नाही. पूरक थोडाथोडा वाढवत नेला तर बराच काळ काहीच होत नाही आणि मग एका अरुंद पट्ट्यात वाहकता कित्येक दशपटींनी उसळते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कणांची सलग साखळी प्रथम जुळते तो हा क्षण. सच्छिद्र पदार्थातून द्रव आरपार झिरपण्यासाठी छिद्रे किती दाट हवीत, या प्रश्नाचे गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये मांडले आणि त्याला पर्कोलेशन हे नाव दिले. तेच गणित इथे लागू पडते, आणि ज्या प्रमाणाला साखळी जुळते त्याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात.

हा उंबरठा कणाच्या आकारावर फार अवलंबून असतो. यदृच्छेने विखुरलेल्या गोलाकार कणांसाठी तो आकारमानाने सुमारे १६ टक्क्यांवर येतो, असे शेर आणि झालेन यांनी १९७० मध्ये दाखवले. कण काडीसारखा लांबट असेल तर तो कमी संख्येतही शेजाऱ्यांना गाठतो. बारीक काड्यांसाठी एक सोपा अंदाज असा की, काडीचा व्यास भागिले लांबी, गुणिले ०.७, एवढ्या आकारमान-भागाला साखळी जुळते. लांबी व्यासाच्या १०० पट असेल तर उंबरठा ०.७ टक्का येतो आणि १००० पट असेल तर ०.०७ टक्का. इजिमा यांच्या नॅनोट्यूबवरील १९९१ च्या शोधनिबंधानंतर नॅनोट्यूबकडे पॉलिमरवाल्यांचे लक्ष गेले ते मुख्यतः या एका गुणोत्तरामुळे.

तरी ‘साखळी जुळते’ या शब्दांनी फसगत होऊ देऊ नये. दोन नॅनोट्यूब एकमेकींना क्वचितच टेकतात, कारण त्यांच्यामध्ये पॉलिमरचा पातळ थर राहतो आणि इलेक्ट्रॉन त्या थरातून बोगदा-परिणामाने, म्हणजे अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तो भेदून, पलीकडे जातो. हा थर दोनएक नॅनोमीटरपेक्षा जाड झाला की वहन जवळजवळ थांबते. अडथळ्याची उंची १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर अंतर सुमारे ०.२ नॅनोमीटरने वाढताच प्रवाह दहापट घटतो, आणि हे अंतर पाण्याच्या एका रेणूच्या व्यासापेक्षाही लहान आहे. हा एक आकडा मनात ठसवून घ्यावा. पुढे तापमान, ताण आणि आर्द्रता यांचे जे परिणाम दिसतील, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ त्याच्यात सापडते.

पूरक निवडणे

निवड करताना हवी असलेली वाहकता आधी कागदावर लिहावी आणि मग पूरक शोधावा. पुष्कळदा हे उलट्या क्रमाने केले जाते आणि त्यात पैसा वाया जातो. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्याच्या ट्रेसाठी पृष्ठरोध साधारण दहा हजार ते शंभर अब्ज ओहम या पट्ट्यात असला तरी चालतो, आणि तिथे वाहक प्रतीचा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची भुकटी) पुरेसा आणि स्वस्त पडतो. कार्बन ब्लॅकचे मूळ कण गोल असले तरी ते द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या घडांची रचना जितकी फांद्याफांद्यांची, तितका उंबरठा खाली येतो. प्रत निवडताना विशिष्ट पृष्ठफळ पाहावे: नेहमीच्या वाहक प्रतींचे ते २५० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास असते, तर अतिवाहक प्रतींचे १००० च्या वर जाते. या अतिवाहक प्रती कमी लागतात, परंतु राळ, म्हणजे अजून कडक न झालेला द्रव पॉलिमर, फार दाट करतात.

नॅनोट्यूब तिथे वापराव्यात, जिथे पूरक थोडाच घालून पॉलिमरची चिवटता राखायची आहे. मोटारींच्या नायलॉनच्या इंधनवाहिन्यांत त्या १९९० च्या दशकातच आल्या, कारण वाहत्या इंधनामुळे साचणारा विद्युतभार निचरणे आवश्यक होते आणि कार्बन ब्लॅकच्या जास्त मात्रेने नळी ठिसूळ झाली असती. ग्राफीनचे पापुद्रे पॉलिस्टायरीनमध्ये आकारमानाने ०.१ टक्क्याला साखळी जुळवतात, हे स्टँकोविच आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, पण बाजारात ग्राफीन म्हणून मिळणारी भुकटी बऱ्याचदा अनेक थरांची असते आणि तिच्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. खऱ्या धातुसदृश वाहकतेसाठी, उदाहरणार्थ जोडणीचा गोंद हवा असेल तर, चांदीला पर्याय कमी आहेत.

वजनातून आकारमानाकडे

सिद्धान्त आकारमानाच्या भागाने बोलतो आणि आपण वजनाने मोजतो, म्हणून हे रूपांतर पहिल्याच दिवशी करून ठेवावे. पूरकाचे वजन त्याच्या घनतेने भागावे, राळेचे तिच्या घनतेने भागावे, आणि पहिल्या भागाकाराला दोन्हींच्या बेरजेने भागावे. नॅनोट्यूबची घनता १.८ आणि इपॉक्सीची १.१७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर वजनाने ०.५ टक्का म्हणजे आकारमानाने ०.३३ टक्का होतो. चांदीची घनता १०.५ असल्याने आकारमानाने १६ टक्के गाठायला वजनाने तब्बल ६३ टक्के चांदी घालावी लागते. वाहक गोंदाच्या डबीची किंमत पाहून दचकणाऱ्याला हे गणित करून दाखवावे.

तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. शंभर ग्रॅम राळेत आकारमानाचा ०.०१ टक्का म्हणजे केवळ १५ मिलिग्रॅम नॅनोट्यूब होतात आणि एवढ्या तर तोलकागदाला, चमच्याला आणि बीकरच्या काठाला सहज चिकटून राहतात. म्हणून भुकटी ओतल्यानंतर रिकामा कागद पुन्हा तोलावा आणि प्रत्यक्ष पडलेले वजन नोंदवावे. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे २ ते ३ टक्क्यांचे गाढे मूळ मिश्रण एकदाच नीट तयार करावे आणि त्यातून राळ घालून पातळ करत सर्व प्रमाणांचे नमुने काढावेत. यामुळे सर्व नमुन्यांचा पूर्वेतिहास सारखा राहतो आणि भुकटी उघड्यावर हाताळण्याची वेळ एकदाच येते.

ही शेवटची बाब आरोग्याचीही आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने २०१३ मध्ये कार्बन नॅनोट्यूबसाठी आठ तासांच्या सरासरीने हवेत १ मायक्रोग्रॅम प्रति घन मीटर एवढीच मर्यादा सुचवली आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्ती नॅनोट्यूबच्या एका प्रकाराला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांच्या गटात ठेवले. तोलणे शोषकपेटीत करावे, साधा कापडी मास्क पुरेसा मानू नये, सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या पुसण्याने टिपावी, आणि कडक झालेले नमुने घासताना ते ओले ठेवावेत. ही धूळ विद्युतवाहक असते, त्यामुळे ती शेजारच्या संगणकातल्या पंख्यावाटे आत गेली तर तिथेही हानी करते.

मिश्रण: इथे सर्व काही ठरते

बाटलीतल्या नॅनोट्यूब सुट्या नसतात. लोकरीच्या गुंत्यासारखे त्यांचे गोळे असतात आणि काही गोळे डोळ्यांनाही दिसतात. ते सोडवण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. सोनिकेटरची दांडी वापरायची असल्यास राळ ॲसिटोनने पातळ करावी, भांडे बर्फात ठेवावे, काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद अशा ठोक्यांनी काम करावे आणि नंतर सगळे ॲसिटोन निर्वातात काढून टाकावे. ते पूर्ण निघाले का, हे वासावरून न ठरवता भांडे तोलून ठरवावे. राहिलेले ॲसिटोन इपॉक्सीला मऊ ठेवते आणि पुढे आठवडाभर वाचने सरकत राहतात. तीन रुळांच्या चक्कीत रुळांमधली फट टप्प्याटप्प्याने कमी करत शेवटी ५ मायक्रोमीटरपर्यंत आणतात, तिला द्रावक लागत नाही आणि मोठ्या मात्रेसाठी मला तीच अधिक भरवशाची वाटते. तिसरा मार्ग ग्रहगतीच्या मिक्सरचा. तो कार्बन ब्लॅक आणि चांदी यांना चांगला, पण नॅनोट्यूबचा गुंता एकट्याने सोडवण्यास अपुरा पडतो.

प्रगती पाहण्यासाठी काचपट्टीवर एक थेंब घ्यावा, वर दुसरी पट्टी दाबावी आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. सुरुवातीला स्वच्छ पिवळसर पार्श्वभूमीवर काळी बेटे दिसतात. काम होत आले की बेटे बारीक होत जाऊन सगळीकडे सारखी राखाडी झाक येते. दर दहा मिनिटांनी असे छायाचित्र घेऊन ठेवले तर पुढे आलेख चुकल्यावर कारण शोधायला तेच उपयोगी पडते.

आता पहिल्या परिच्छेदातल्या दुसऱ्या पट्टीकडे येतो. अधिक फोडणे म्हणजे अधिक चांगले, असे समजणे हा इथला सर्वांत महागडा गैरसमज आहे. जास्त वेळ सोनिकेटर चालवला की नॅनोट्यूब तुटतात, आणि लांबी निम्मी झाली की वर दिलेल्या सूत्रानुसार उंबरठा दुप्पट होतो. दुसरे असे की, प्रत्येक नळी सुटी होऊन तिच्याभोवती राळेचे वेष्टन बसले की दोन नळ्यांमधली फट दोन नॅनोमीटरच्या पुढे जाते. आधी गुंता सोडवायचा आणि मग नळ्यांना थोडेसे पुन्हा जवळ येऊ द्यायचे, असा दुपदरी क्रम वाहकतेसाठी लागतो. हार्डनर (राळ कडक करणारे रसायन) घातल्यावर साचा तापवला की राळ घट्ट होण्याआधी काही काळ पातळ होते आणि त्या खिडकीत नळ्या हलक्या हाताने एकत्र येऊन जाळे विणतात. त्या वेळी मंद ढवळणे चालू असेल तर जाळे लवकर विणले जाते आणि जोरात ढवळले तर मोडते. सँडलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इपॉक्सीत वजनाने अवघ्या ०.००२५ टक्क्याला उंबरठा गाठला, तो काड्यांच्या यदृच्छ गणितात बसत नाही आणि बसायलाही नको, कारण तिथल्या नळ्या यदृच्छेने विखुरलेल्या नव्हत्या, त्यांनी स्वतः जाळे विणले होते. बाउहोफर आणि कोवाच यांनी २००९ च्या आढाव्यात या दोन उंबरठ्यांचा, म्हणजे हालचालीला वाव असतानाच्या खालच्या आणि निव्वळ सांख्यिकीच्या वरच्या उंबरठ्याचा, वेगवेगळा विचार केला आहे.

यावरून व्यवहारात एवढे पाळावे की, हार्डनर घातल्यापासूनचे तापमान, वेळ आणि ढवळण्याची गती या तिन्हींची नोंद टक्केवारीइतक्याच काळजीने ठेवावी आणि सर्व नमुन्यांसाठी ती एकच असावी. इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की वेगाने भरलेल्या साच्यात नळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, त्यामुळे त्याच भागाची वाहकता प्रवाहाच्या दिशेला एक आणि काटकोनात दुसरी येते, आणि साच्याला टेकलेल्या थरात ती सर्वांत कमी असते. भरण्याचा वेग कमी करणे, साचा गरम ठेवणे आणि काढलेला भाग पॉलिमर पुन्हा मऊ होईल अशा तापमानाला काही काळ ठेवणे, या उपायांनी जाळे बऱ्याच अंशी परत येते.

नमुना आणि इलेक्ट्रोड

पट्टी ६० मिलिमीटर लांब, १० रुंद आणि २ जाड घ्यावी. साच्याच्या अंगाला राळेची पातळ, पूरकहीन साय असते, ती बारीक पॉलिश कागदाने पाणी घालून घासून काढावी. ही साय तशीच ठेवून वर चांदीचा रंग लावला तर आपण पट्टीऐवजी साय मोजतो. घासल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून मग चांदीचा रंग लावावा: दोन पट्टे टोकांना, प्रवाह सोडण्यासाठी, आणि दोन अरुंद पट्टे मध्ये, एकमेकांपासून २० मिलिमीटरवर, व्होल्टता मोजण्यासाठी. आतले पट्टे पट्टीला चारही बाजूंनी वेढतील असे काढावेत.

मोजण्यापूर्वी नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत, निदान दोन दिवस ठेवावेत. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर काम करणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना रोधक नमुन्याच्या अंगावर बसलेला ओलावा स्वतःच प्रवाह नेतो आणि कोऱ्या इपॉक्सीतही पर्कोलेशन झाल्याचा भास होतो. दुसरीकडे इपॉक्सी पाणी शोषून फुगते, फटी रुंदावतात आणि वाहक नमुन्याचा रोध वाढतो. एकाच पावसाळ्यात एका नमुन्याचा रोध खाली आणि दुसऱ्याचा वर गेलेला मी पाहिला आहे आणि दोन्हींचे कारण पाणीच होते. सिलिका जेलचा निळा रंग अजून टिकून आहे का, हे पाहूनच डेसिकेटरवर (नमुने कोरडे ठेवणाऱ्या बंद भांड्यावर) विश्वास ठेवावा.

मोजमाप

पहिला प्रश्न असा की नमुना उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आहे. रोधकांच्या मोजमापाची एएसटीएम डी २५७ ही पद्धत सहसा ५०० व्होल्ट लावून ६० सेकंदांनी वाचन घेते, आणि कोऱ्या इपॉक्सीला ती योग्य आहे. पण १०० किलो-ओहमच्या पट्टीला ५०० व्होल्ट लावले तर तिच्यात अडीच वॅट उष्णता निर्माण होते आणि आतल्या निमुळत्या वाटा जळून जातात. म्हणून अनोळखी नमुन्याला नेहमी १ व्होल्टपासून सुरुवात करावी आणि प्रवाह मोजता येत नसेल तरच वर चढावे. रोधक नमुन्यासाठी चकतीवर गोल इलेक्ट्रोड आणि त्याभोवती संरक्षक कडे असावे, म्हणजे पृष्ठभागावरून निसटणारा प्रवाह मोजणीत येत नाही.

वाहक नमुन्यासाठी चार टोकांची पद्धत वापरावी, आणि वाहक प्लास्टिकसाठीचे आयएसओ ३९१५ हे मानकही तीच पद्धत सांगते. बाहेरच्या दोन टोकांतून ठरावीक प्रवाह सोडावा आणि आतल्या दोन टोकांमधली व्होल्टता वाचावी. समजा १ मायक्रोअँपिअर सोडल्यावर ०.५ व्होल्ट मिळाले, तर रोध ५०० किलो-ओहम झाला. पट्टीचा छेद २० चौरस मिलिमीटर आणि अंतर २० मिलिमीटर असल्याने रोधकता ५०० ओहम-मीटर येते आणि वाहकता तिचा व्यस्त, म्हणजे ०.००२ सीमेन्स प्रति मीटर. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा वाचावे आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे जोडांमधल्या तापमानफरकाने येणारी छोटी व्होल्टता गळून पडते.

इथे एक चूक वारंवार होते. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रोध १० मेगा-ओहम असतो. नमुनाच काही मेगा-ओहमचा असेल, तर आतल्या टोकांना लावलेला हा मापक स्वतः प्रवाह खेचू लागतो आणि चार टोके असूनही वाचन कमी येते. अशा नमुन्यांना इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अंतर्गत रोध याहून खूपच मोठा असलेला मापक, लागतो. तो नसेल तर निदान दोन टोकांची आणि चार टोकांची वाचने ताडून पाहावीत, किंवा एकाच पट्टीवर वेगवेगळ्या अंतरांवर रोध मोजून अंतराशी आलेख काढावा. ती रेषा शून्य अंतरावर जिथे रोधाच्या अक्षाला छेदते, तो आकडा म्हणजे दोन्ही स्पर्शांचा मिळून रोध.

त्यानंतर १० मिलिव्होल्टपासून १० व्होल्टपर्यंत प्रवाह आणि व्होल्टता यांचा आलेख घ्यावा, चढतानाही आणि उतरतानाही. उंबरठ्याच्या बराच वर असलेला नमुना सरळ रेषा देतो. उंबरठ्याजवळचा नमुना वर वाकतो, कारण फटींवर पडणारे विद्युतक्षेत्र बोगदा-परिणामाला मदत करते. उतरण्याची रेषा चढण्याच्या रेषेवर बसली नाही, तर एकतर पट्टी तापली आहे किंवा आतले जाळे कायमचे बदलले आहे, आणि अशा नमुन्याचे फक्त पहिले, कमी व्होल्टतेचे वाचन हिशेबात धरावे.

आलेख वाचणे

उंबरठ्याच्या वर वाहकता ही प्रमाण आणि उंबरठा यांच्यातल्या फरकाच्या एका घाताच्या समप्रमाणात वाढते. त्रिमितीतल्या जाळ्यासाठी हा घातांक सुमारे २ आणि पातळ, द्विमितीय थरासाठी सुमारे १.३ असतो. हिशेबासाठी उंबरठ्याची एक किंमत गृहीत धरावी, प्रत्येक नमुन्याच्या आकारमान-प्रमाणातून ती वजा करावी, त्या फरकाचे आणि वाहकतेचे लॉगरिदम घेऊन आलेख काढावा आणि रेषा सर्वांत सरळ येईपर्यंत गृहीत किंमत सरकवत राहावी. तिचा उतार म्हणजे घातांक.

उंबरठा ०.१ टक्का आणि घातांक २ असेल, तर ०.२ टक्क्यापासून ०.४ टक्क्यापर्यंत जाताना वाहकता ९ पट होते, परंतु ०.११ पासून ०.१२ पर्यंत एवढ्याशा सरकण्यानेही ती ४ पट होते. मघाच्या १५ मिलिग्रॅमचे मोल इथे कळते. म्हणून उंबरठ्याच्या आसपास नमुने दाट घ्यावेत, प्रत्येक प्रमाणाचे किमान पाच घ्यावेत, आणि सरासरी वाहकतेची न काढता तिच्या लॉगरिदमची काढावी. साधी सरासरी काढली तर पाचांतला एक जास्त वाहक नमुना बाकीच्या चौघांना झाकून टाकतो.

२ मिलिमीटर जाड पट्टीत घातांक १.३ किंवा ३ आला, म्हणून लगेच नव्या भौतिकीची घोषणा करू नये. बहुधा उंबरठ्याची किंमत चुकलेली असते, किंवा उंबरठ्यापासून फार दूरचे बिंदू रेषेत ओढलेले असतात. खऱ्या नमुन्यांत फटी सारख्या नसतात, त्यांच्या विखुरणीनेही घातांक वर जातो. तसेच रेषेतून मिळणारा स्थिरांक ही नॅनोट्यूबची स्वतःची वाहकता नव्हे. त्यात सर्व सांध्यांचा रोध मिसळलेला असतो, म्हणून तो एकट्या नळीपेक्षा नेहमीच बराच खाली येतो.

तापमान, ताण आणि वारंवारता

पट्टी थंड केली की वाहकता हळूहळू घटते आणि एका पातळीवर स्थिरावू पाहते. कार्बन आणि पीव्हीसीच्या संमिश्रात हे पाहून शेंग, सिशेल आणि गिटलमन यांनी १९७८ मध्ये उष्णतेच्या चढउतारांनी चालणाऱ्या बोगदा-वहनाची कल्पना मांडली. तापवताना चित्र पॉलिमरवर अवलंबून असते. कार्बन ब्लॅक घातलेल्या उच्च घनतेच्या पॉलिथिलीनमधले स्फटिक १३० अंशांच्या सुमारास वितळतात, पदार्थ एकदम फुगतो, साखळ्या तुटतात आणि रोध हजारो पटींनी चढतो. आपोआप पूर्ववत होणारे फ्यूज आणि स्वतःचे तापमान सांभाळणाऱ्या तापतारा यांच्या मागे हेच तत्त्व आहे. इपॉक्सीत ही उडी दिसत नाही, म्हणून अशा उपयोगासाठी ते निवडू नये.

ताणाची चाचणी मात्र इपॉक्सीत सुंदर होते. फट दीड नॅनोमीटर आणि अडथळा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरला, तर १ टक्का ताणाने त्या एका सांध्याचा रोध सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, तर धातूच्या ताणमापक पट्टीत तो २ टक्क्यांच्या आसपास वाढतो. संवेदक बनवायचा असेल तर उंबरठ्याच्या किंचित वरचे प्रमाण घ्यावे, तिथे संवेदनशीलता सर्वांत जास्त असते, पण एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंतची तफावतही तिथेच सर्वांत जास्त असते. निर्णय घेण्यापूर्वी पट्टी किमान शंभर वेळा ताणून सोडावी, कारण पहिल्या काही आवर्तनांत रोध मूळ जागी परत येत नाही.

वारंवारतेची चाचणी नमुना न बिघडवता बरेच काही सांगते. एलसीआर मीटरवर (वेगवेगळ्या वारंवारतांना रोध आणि धारित्र मोजणाऱ्या मापकावर) कमी वारंवारतेला वाहकता सपाट दिसली तर जाळे आरपार आहे, आणि ती सुरुवातीपासूनच वारंवारतेबरोबर चढत गेली तर साखळी तुटक आहे व प्रवाह धारित्रातून जातो आहे. ०.००२ सीमेन्स प्रति मीटरच्या पट्टीत ही वळणाची जागा, परावैद्युत स्थिरांक ४ धरल्यास, ९ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. दोन लाखपट कमी वाहक नमुन्यात ती ४५ हर्ट्झपर्यंत खाली उतरते. उंबरठ्याजवळ परावैद्युत स्थिरांक स्वतःच पुष्कळ वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात वळण याहूनही आधी दिसते.

मोजून झालेला नमुना टाकून देऊ नये. त्याच्या पिशवीवर पूरकाचा गट क्रमांक, आकारमान-प्रमाण, सोनिकेटरची ऊर्जा आणि वेळ, हार्डनर घातल्यापासूनचे तापमान, मोजल्याच्या दिवसाची आर्द्रता आणि लावलेली व्होल्टता लिहावी, त्याला डेसिकेटरमध्ये ठेवावे आणि सहा महिन्यांनी त्याच चांदीच्या पट्ट्यांवर पुन्हा मोजावे.